मागच्या ट्रॉलीचा तोल

६ सप्टें., जळोची
ट्रॉली आज पुन्हा उडाली. ट्रॅक्टरला जोडली, गेम सुरू केला, की थेट आभाळात. जोडणीची खीळ केसभर हलली तरी गेममधलं वजन-वेग मोजणारं फिजिक्स इंजिन पिसाळतं. सेकंदाला साठ वेळा हिशेब करायचा, म्हणजे थोडी अंदाजाची लबाडी आलीच. पुण्याच्या कंपनीला ऊसवाहतुकीचा गेम हवाय, दोन ट्रॉल्यांचा. मी डाळजची, उसाच्या गावची, म्हणून काम माझ्या गळ्यात.
तात्या बघून हसले. पाय मोडल्यापासून वडील पहिल्यांदा हसले.

९ सप्टें.
खीळ एकदाची जागेवर बसली. चाचणीसाठी रस्ता केला तो गावातल्या आमच्या ओढ्याच्या पुलाकडे उतरणारा. जानेवारीत याच उतारावर दादाची मागची ट्रॉली उलटली, ट्रॅक्टरला हिसका बसला, मडगार्डवर बसलेले तात्या खाली पडले. तेव्हापासून ते माझ्याकडे. "बेफाम हाणला त्यानं," एवढंच म्हणतात. दादाशी बोलणं बंद. दादाही गप्प. स्टेअरिंग सोडून भिगवणला दुकानात बसतो. हंगाम तोंडावर, ऊसतोडीचा मुकादम त्याला रोज फोन करून विचारतो, येतोस का.
दुसरे रस्ते होते की. पण मला दादाला निर्दोष ठरवायचंय. लिहून टाकलं.

१४ सप्टें.
पंधराच्या वेगाला ट्रॉली उलटत नाही. तिसाला उलटते. म्हणजे तात्या खरे?
मग चाकांची पकड जराशी कमी केली, तर विसालाही उलटली. आकडा माझा, निकालही माझाच. असल्या पुराव्यावर कुणाला सोडवू? चिडून सगळी भांडी घासली.

१५ सप्टें.
तात्या सकाळी खुर्ची ओढून शेजारी बसले. बराच वेळ पडदा बघत होते.
"वाढं कुठं हाय?"
"कसलं?"
"ट्रॉली भरली की वर गुरांसाठी वाढ्याच्या मोळ्या टाकत्यात. सगळ्या एकाच अंगाला. घरापशी ढकलाय सोप्या."
उसाचे हिरवे शेंडे! मी तर सगळा ऊस एकच ठोकळा धरलेला, वजन बरोब्बर मध्ये. शेतकऱ्याची लेक म्हणवते स्वतःला. मोळ्या घातल्या, डावीकडे, उंच. पंधरालाच सोडली. उतारावर ट्रॉली डावीकडे कलली आणि गेली.
"पुन्यांदा लाव."
पाच वेळा लावली. पाचही वेळा...
"त्या दिवशी कुणी टाकलेल्या?"
तात्या उठून गॅलरीत गेले. चहा तसाच.

१६ सप्टें.
"ह्ये खरं हाय का?" आज त्यांनीच विषय काढला. म्हटलं, नाही. आकडे मी घातलेत. बदलले तर उभीही राहील.
"आकडं तुजं. मोळ्या माज्या. त्यो च्या प्याला गेल्ता, तवर मी टाकाय लावल्या."
थोड्या वेळाने, "रविवारी बोलाव त्याला."
मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. रडूच आलं. तात्यांसाठी.

२१ सप्टें., रवि.
दादा आला. पोहे झाले, हवापाणी झालं, दोघंही माझ्याशीच बोलत होते. शेवटी दादाला कीबोर्डवर बसवलं. छान चालवत होता. उतार आला तसा थांबला.
तात्या म्हणाले, "त्या दिवशी वाढ्याच्या मोळ्या मी टाकाय लावल्या व्हत्या. तुला ठावं न्हाय."
दादा पडद्याकडेच बघत होता. "ठावं हाय. आरशात दिसल्या व्हत्या."
"मग उतरवल्या का न्हाईस?"
"तुमी टाकलेल्या म्हणून."
तात्यांनी काठी भिंतीला टेकवली, दादाच्या पाठीवर हात ठेवला. दादाचा फोन वाजला, मुकादमाचा. त्याने घेतला नाही, कापलाही नाही. बोट ब्रेकवर, आणि ट्रॉली उतारावर उभी.