टेबलाखालचा ब्रेक

चिमणे,

दार वाजवून वाजवून हात दुखले, म्हणून ही चिठ्ठी खालून सरकवतोय. दार नको उघडूस, पण वाच. तू सासरी परत जायला बॅग भरतेयस हे ऐकल्यापासून माझ्या जिवात जीव नाही.

काल जेवताना तू जावईबापूंचं सांगायला लागलीस आणि मी ओरडलो, "थांब, थांब! जरा सबुरीने घे!" तू गप्प झालीस. मला वाटलं, चला, पोरीला सावरलं. तू आत गेल्यावर आई म्हणाली, "अहो, मघापासून टेबलाखाली जमिनीवर पाय कसला दाबताय?"

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

अगं, उभा जन्म लोकांना गाडी शिकवली. शिकणारा घाबरला की त्याच्या बोटांवरून मला आधी कळतं. केवढा तोरा मला त्याचा! आणि काल तुझा घास हातातच राहिला, तो दिसला नाही. कारण घाबरलो होतो मी. शिकवणीच्या गाडीत माझ्या पायाशीही ब्रेक असतो ना, तीच खोड. भीती माझी आणि थांबवलं तुला.

हात जोडतो, त्या घरी परत जाऊ नकोस. अर्धवट राहिलेलं सगळं मला ऐकायचंय.

आजच्या शिकवण्या रद्द केल्यात. किल्ली आईजवळ आहे. गाडी तू चालव, हवी तिकडे ने, हवं ते बोल. मी खाली गाडीत मागच्या सीटवर बसून राहतो.

तिथे ब्रेक नाही.

बाबा