तेजाबाच्या खोलीतला रांजण

४ मार्च १९५७
मी सांगून राह्यली, सून रुपाबाई लिहून राह्यली. ही रोजनिशी माह्याशिवाय कोणी वाचायची नाही. मलेही वाचता येत नाही, म्हणजे बंदोबस्त पक्का.
माहा पोरगा हेमसिंग वाशीमच्या हायस्कुलात तेजाबाच्या खोलीचा शिपाई; आमचं घर शाळेच्या आवारातच. आज बाटली पुसता पुसता ॲसिड मनगटावर सांडलं. साइन्सचा लखीराम मास्तर धावला, त्याची बाही टराटरा फाडली अन् रांजणातलं पाणी ओतत बसला. ओतत बसला, ओतत बसला. आखा रांजण! उन्हाळ्याच्या तोंडी!
मी चुन्याची डबी घेऊन गेली, त मले दारातूनच हाकललं. विंचू उतरवणारी बाई मी. ठराव: या मास्तराले धडा शिकवायचा.

६ मार्च
हात ठीक. फोडसुद्धा नाही. मी दारातून फुंकर मारली होती, तिचा गुण.
मास्तर म्हणे, आजी, तेजाबावर चुना लावला त दोन्ही मिळून आणखी तापतात, कातडी शिजते. मी म्हटलं, हे तुह्या बापाले शिकव. चुन्यानं भाजलं त चिंच, तेजाबानं भाजलं त चुना. हे साइन्स नाही त काय आहे?

११ मार्च, सकाळी
हेडमास्तराकडे तक्रार केली. विहिरीचा तळ दिसून राह्यला अन् हा माणूस एका मनगटावर रांजण रिकामा करते. हेडमास्तर म्हणे, एवढी कळकळ आहे त आजी, रांजण तुमीच भरत जा.
जिंकली! रांजण माह्या ताब्यात.
सून म्हणे, सासूबाई, तुमाले पाणी भरायले लावलं त्यायनं. तिले राजकारण समजत नाही.

१५ मार्च
रांजण अर्धाच भरते. वरून झाकण. उरलेलं पाणी माह्या पुदिन्याले. काय हिरवागार झाला!
मास्तर रोज विचारते, आजी, काठोकाठ ना? मी म्हणते, तुह्या डोक्यापेक्षा भरलेला.

२१ मार्च
डबीतला चुना वाळला. उद्या ताजी चुनकळी भिजवणार. मास्तराच्या फर्स्ट एडच्या पेटीपाशीच माह्यं मडकं ठेवणार. मग पाहू लोक कोणाकडे येतात. हेमसिंग म्हणे, याडी, नको. आईले नको म्हणते, बायकोचा गुलाम.

२२ मार्च, संध्याकाळ. डोळा बांधलेला.
मडक्यात चुनकळी टाकली, वरून पाणी. खदखदलं अन् उसळलं, थेट डोळ्यात.
मी बोंबलली, चिंच आणा! आला कोण, त लखीराम. मान धरून मले वाकवलं. हेमसिंगनं पापणी उघडी धरली. मास्तर ओतून राह्यला, मी त्याच्या सात पिढ्या काढून राह्यली. तो म्हणे, शिव्या द्या, पण डोळा मिटू नका.
मग लोटा रांजणाच्या बुडाले खणकन वाजला.
मास्तरानं एकदा माह्याकडे पाह्यलं. भांडला असता त मी उत्तर देल्लं असतं.
रुपाबाई विहिरीवर धावली. घागर येईस्तोवर डोळ्यात निखारा होता.

२५ मार्च
डॉक्टर म्हणे, डोळा वाचला, पाण्यानं वाचला. चिंच टाकली असती त गेलाच होता. पण थोडं धुकं राहील. पाणी मधेच थांबायले नको होतं.
शेवटचं वाक्य लिहू नको म्हटलं. रुपाबाईचा टाक चालूच होता. काय लिहिलं, तिलेच ठाऊक.

३० मार्च
मास्तर अजूनही गाढवच. सकाळी खिडकीतून विचारते, आजी, दुखते का? मी म्हटलं, तुह्यं तोंड दिसलं की दुखते.
रांजण भरला. त्याच्यासाठी नाही, हेमसिंग तिथंच काम करते म्हणून. धुक्यामुळं काठ नीट दिसत नाही. बोट आत घालून पाहते, पाणी लागलं की मगच थांबते.
पुदिना वाळला.