माळ्यावरची पेंढी

घणसोली, मंगळवार, नोव्हेंबर १९९६

आज अहवाल दिला. भाताच्या पेंढ्यापासून इंधन काढणं कंपनीला जमेल का, ते मला तपासायचं होतं. नमुन्याला बाबांनी माळ्यावरची पेंढी दिली. जमीन सरकारने घेतली, त्याआधीच्या शेवटच्या पिकातली ती एकच जपलेली. मी ती लॅबमध्ये दळली. निकाल उत्तम आला. तरी मीच लिहिलं: प्रकल्प शक्य नाही, परिसरात भातशेती उरलेली नाही. हे मला आधी माहीत नव्हतं? मग ती पेंढी मागितलीच कशाला मी?

घरी आलो तर बाबा ओटीवरच बसलेले. "आपला पेंढा पास झाला का रे?"

"पहिला आला, बाबा."

खुलले. "मंग आजून मागतील ते," म्हणाले आणि रिकाम्या माळ्याकडं बघत बसले.