प्रभूची खुर्ची

१९ नोव्हेंबर, बुधवार
संध्याकाळी मिलिंद आला. रूथचा नवरा. लग्नाला सहा वर्षं झाली, आमच्या दारात पहिल्यांदाच. करी रोडच्या बौद्ध घरात गेली म्हणून ह्यांनी मुलीला तोडलं. मी गप्प बसले. आता हे नाहीत, तरी...
तीन मजले चढून धापा टाकत होता. "मावशी, जरा टेकतो हं," म्हणाला आणि टेबलाच्या टोकाच्या खुर्चीत बसला. माझ्या तोंडून निघून गेलं, "तिथं नको! ती प्रभूची आहे."
ताडकन उठला. "सहज आलो होतो," म्हणाला. पाणीही न घेता गेला.
आमच्या लग्नापासून ती खुर्ची रिकामी. ह्या घरात पहिला मान ख्रिस्ताचा, असं हे म्हणायचे. रोज सकाळी स्वतः पुसायचे.

२० नोव्हें.
पुसायला खुर्ची ओढली. तिच्यावर हॉस्पिटलची फाईल. नाव रूथचं. स्तनात गाठ. सोमवारी ऑपरेशन.
हे सांगायला आला होता तो.
रूथला फोन लावला. नंबर पाठ होता.
"मिलिंद त्या खुर्चीत बसला का गं?" रू.नं विचारलं.
फाईल सापडली, एवढंच म्हटलं.
"उठवलंस ना?" ती म्हणाली, "पप्पांचं सगळं सांगितलंय मी त्याला. खुर्चीचं तेवढं नाही. लाज वाटली, आई."
"सोमवारी येऊ?"
"बघू. फाईल न्यायला रविवारी तो येईल. दारातूनच घेईल."

२१ नोव्हें.
डोकं दुखतंय. शाळेत ह्या दिवसांत ख्रिस्तराजाचा सण असे. सिस्टर सोनेरी कागदाचे मुकुट कापायला लावत. माझा सगळ्यांत सुबक. आकाश त्याचं, पृथ्वी त्याची, सगळ्यांवर तोच, हे तेव्हापासून तोंडपाठ. करी रोड त्यात येतं का, हे कधी मनात आलं नाही.
ह्यांचा राग येतो. आठवणही येते.

२३ नोव्हें., रविवार
उपासनेत पाळकसाहेब तेच बोलले. ख्रिस्त सर्वांत प्रथम. मान वर करवेना.
घरी येऊन बोंबलाचं कालवण केलं. रू.ला आवडतं. त्याला काय आवडतं, माहीत नाही. टोकाची खुर्ची ओढून पुढे ताट मांडलं. ह्यांच्या फोटोकडे पाहिलं नाही. प्रभू, तुझ्या जागी बसवते आहे. रागावलास तर माझ्यावर रागाव, पोरीवर नको.
साडेबाराला फोन. "मावशी, खाली उभा आहे. फाईल पिशवीत घालून दोरीनं सोडता का?"
"दोरी तुटलीय," म्हटलं. "वर ये. जेवून जा."
फोन ठेवला. दोरी खिळ्यावरून काढून कपाटात टाकली. गॅलरीतून वाकून पाहिलं. फाटकापाशी उभा आहे, वर बघत नाही.
ताट झाकून ठेवलं आहे.