मैदानाकडं पाठ

९ मे

सीझन संपून चार दिवस. सेमीफायनल, घरचं मैदान, आणि शेवटच्या मिनिटाला गोल खाल्ला. ऑफिसात कुणाला त्याचं काही नाही. बेळ्ळंदूरच्या सिग्नलला चाळीस मिनिटं, मग दिवसभर स्क्रीन. मॅनेजरनं विचारलं मनगट का सुजलंय. जिम, म्हटलं.

आमच्या स्टँडचा बॅनर शिवणाऱ्या नारूअण्णाचं ऑपरेशन झालं. डावा डोळा. उजेड-अंधार कळेल म्हणे, त्यापुढचं डॉक्टर सांगत नाहीत. स्टँडच्या ग्रुपवर सगळ्यांचं एकच चाललंय. हिरव्यांनी, म्हणजे समोरच्या टीमवाल्यांनी, मागून मारलं, हिरव्यांना सोडायचं नाही. मीही खाली मुठीचा इमोजी टाकला.

हिरव्यांनी नाही मारलं. मी मारलं. कुठंतरी लिहायला पाहिजे म्हणून इथं.

१० मे

एकदा सरळ लिहून काढतो.

मी स्टँडचा ढोलवाला. दुधाच्या क्रेटवर उभा राहतो, पाठ मैदानाकडं, तोंड लोकांकडं. सहा सीझन झाले, घरच्या मैदानावरचा एकही गोल बघितलेला नाही. गोल मला लोकांच्या तोंडावर दिसतो. त्या दिवशीचाही तसाच दिसला. तीन हजार तोंडं एकदम मेली.

मॅच संपली की दोन्हीकडचे लोक कठड्याशी येतात, स्कार्फची अदलाबदल करतात. जुनी पद्धत आहे. आपला जांभळा द्यायचा, त्यांचा घ्यायचा. नारूअण्णाच्या दुकानात असे अकरा टांगलेत. मी कधी थांबत नाही, कारण ढोल टेम्पोत टाकायचा असतो. टाकला. ढोल बडवायचं टिपरू हातातच राहिलं.

मेट्रोच्या पायऱ्यांवर पुढं एक जण, डोक्याला हिरवा स्कार्फ गुंडाळलेला. फोनवर हसत होता. मला दुसरं काही दिसेना, फक्त ते हसणं. मागून कानशिलात घातलं. तो वळला. दुसरं तोंडावर. खाली बसला तेव्हा बघितलं तर नारूअण्णा.

पळालो. टिपरूचा दांडा चिरला होता. त्या दांड्याला जांभळी पट्टी अण्णानंच शिवून दिलेली.

११ मे

बेळगावहून आईचा फोन. आवाज असा का म्हणाली. सर्दी झालीय म्हटलं.

१८ मे

नंदी हिल्स. सीझन नसला की आमच्यातले वीस जण माणसात राहत नाहीत, म्हणून गिरीनं ही प्रथा काढलीय. रविवारी पहाटे जर्सी घालून एखाद्या डोंगरावर जायचं, झेंडा धरून फोटो काढायचा. गिरी म्हणजे स्टँडचा मालकच. महादेवपुऱ्यात टॅक्स्या चालवतो, म्हणजे चालवून घेतो.

धुकं एवढं की झेंड्याचं दुसरं टोक धरणारा दिसेना. कड्याच्या कठड्याशी गिरीनं भाषण केलं. ‘नारूअण्णाच्या एका डोळ्याला त्यांचे दहा.’ सगळे ओरडले. मी ढोल वाजवला. वाजवता वाजवता मनात आलं, आत्ता कठड्यावरून याला ढकललं तर धुक्यात आवाजही येणार नाही. मग वाटलं, त्याला कशाला, स्वतःच जावं. दोन्ही वेळा हात ढोलावरच होते. बीट चुकली नाही.

खाली येऊन इडली खाल्ली. छान होती. याचीच लाज वाटली.

१ जून

चिकपेटला अण्णाच्या दुकानी गेलो. जायलाच पाहिजे होतं, सगळे जाऊन आले होते. मीच एकटा न जाणारा, म्हणजे चोराच्या मनात चांदणं.

अण्णाचं घराणं इथं तीनशेच्या वर वर्षं आहे. मराठी बोलतो, पण निम्मी कन्नड. मी सहा वर्षांपूर्वी नवा आलो तेव्हा स्टँडमध्ये मागून यानंच हाक मारली होती, ‘बेळगावचा काय रे तू? शिवी मराठीत दिलास.’ तेव्हापासून दर सणाला जेवायला याच्याकडं. स्टँडचा मोठा बॅनर दर सीझनला हाच शिवतो, घरचं कापड घालून.

आज डोळ्यावर पट्टी, कपाळ निळं. सुईत दोरा घालायचा प्रयत्न चाललेला. दोरा शेजारून जायचा. परत घ्यायचा, परत शेजारून. मी हात पुढं केला तर म्हणाला, ‘बिडू, राहू दे, मीच घालतो. सवय करायला पाहिजे की.’

अण्णाच्या बायकोनं, अक्कांनी, कॉफी दिली. मला विचारलं, ‘संतू, तू तर पुढंच होतास म्हणे. काहीच दिसलं नाही?’

म्हटलं, ‘गर्दी होती अक्का.’

अण्णा म्हणाला, ‘लाकूड होतं. लोखंड नव्हं. हाडाला कळतंय.’

पोलिसात का गेला नाही म्हणून विचारलं. धीर कुठून आला कोण जाणे. तो दोऱ्याकडंच बघत म्हणाला, ‘आपलेच दात, आपलेच ओठ. कुणावर घालायची केस?’

कॉफी संपवली. म्हणजे हिरवे आणि आपण सगळे फुटबॉलवालेच, असं म्हणायचं असेल. असंच असेल.

बारावा स्कार्फ टांगलेला नाही. विचारलं नाही.

८ जून

गल्लीतल्या कुत्र्याला लाथ घातली. काही केलं नव्हतं त्यानं.

२९ जून

शिवनसमुद्र. मुद्दाम आजच लिहितो. उद्या लिहिलं तर मी ते गोडगोड करीन.

कावेरीला पाणी चढलंय. दोन्ही धबधबे भरून पडत होते, उभं राहिलं की तोंड भिजायचं. अण्णा पहिल्यांदाच आला होता आमच्याबरोबर. गिरीनं आग्रह केला, ‘अण्णा पाहिजे, अण्णाला बघून पोरांना जोर येतो.’

तिथं एक माणूस. तिशीचा, बायको बरोबर, बायकोच्या हातात नवा चुडा. अंगात हिरवी जर्सी. हिरव्यांचीच, नंबर सात.

गिरीनं विचारलं, कुठल्या स्टँडला बसतोस. तो म्हणाला, मी फुटबॉल बघत नाही, फुटपाथवर दोनशेला मिळाली. खरं बोलत होता. तोंडावरून कळत होतं, आणि तोंडं वाचायची मला सवय आहे. मला कळलं आणि तरीही.

गिरीनं पहिली कानाखाली वाजवली. मग सगळे. मी सगळ्यांत जास्त मारलं. पोटात, बरगडीत, तो खडकावर पडल्यावर हातावर बूट. हाडाचा आवाज आला. धबधब्याच्या एवढ्या आवाजातसुद्धा आला. बायको ओरडत होती ते मात्र ऐकू येत नव्हतं, नुसतं तोंड उघडलेलं. अण्णा मध्ये घुसला, ‘बिड्रो, सोडा रे, सोडा’ करत, डाव्या बाजूनं कुणाचा तरी कोपर त्याला दिसला नाही, तोही पडला.

का मारलं? लिही संत्या. अण्णा बघत होता म्हणून. मी त्याच्यासाठी किती चिडलोय हे त्याला दिसावं म्हणून. एवढंच.

गाड्यांकडं पळताना बॅगेतलं चिरलेलं टिपरू काढून पाण्यात टाकलं. पडताना दिसलंसुद्धा नाही.

परतीच्या गाडीत अण्णा माझ्या शेजारी. मद्दूरला मी वडा आणून दिला. घेतला, हातात धरून ठेवला, उतरताना सीटवर ठेवून गेला.

३० जून

ऑफिसात तीन मीटिंगा. बुटाच्या टाचेत हिरवा धागा.

६ जुलै

त्या माणसाची बातमी कुठंच नाही. नाव माहीत नाही, गाव माहीत नाही. मोडलेला हात कुठला ते सुद्धा आठवत नाही, डावा की उजवा.

१३ जुलै

मुळ्ळय्यनगिरी. वारा असा की बोललेलं तोंडातच परत यायचं. सगळीकडं हिरवे डोंगर, ढग पायाखाली. एवढं सुंदर बघून कुणालाही बरं वाटलं असतं.

तिथंच गिरीच्या फोनवर नव्या सीझनचं वेळापत्रक आलं. पहिली मॅच घरी. समोर हिरवे. पोरं नाचली. गिरी म्हणाला, बॅनरच्या पाइपा या वेळी प्लास्टिकच्या नकोत, जीआयच्या, लोखंडी आणतो. सगळे हसले. हसण्याचा अर्थ सगळ्यांना कळला, मलाही. मॅच संपल्यावर मेट्रोच्या पायऱ्यांवरच गाठायचं. जिथं अण्णाला मारलं तिथंच.

अण्णा आला नव्हता. शिवनसमुद्रनंतर येत नाही.

१४ जुलै

झोप नाही. एक गोष्ट १० मेला खोटी लिहिली, ती दुरुस्त करतो.

‘खाली बसला तेव्हा बघितलं’ असं लिहिलंय. तसं नाही. पहिल्या फटक्यानंतर तो वळला तेव्हाच बघितलं. नारूअण्णा. पूर्ण ओळखलं. हात वर होता. खाली आणता आला असता. आणला नाही. आपण हरलोय आणि हा त्यांचा स्कार्फ डोक्याला बांधून हसतोय, हे माझ्याच्यानं बघवलं नाही. पहिला फटका चुकून. दुसरा अण्णालाच.

डोळा दुसऱ्या फटक्यानं गेला.

२ ऑगस्ट

चिकपेट. दुकान उघडायच्या वेळेला गेलो, गिऱ्हाईक नसतं म्हणून. अण्णा नव्या बॅनरचं जांभळं कापड जमिनीवर पसरून त्यावर बसला होता. सुईत दोरा आता पहिल्या फटक्यात जातो. मी उभ्या उभ्या सांगितलं. दोन्ही फटके सांगितले.

त्यानं टाका पुरा केला. दोरा दातानं तोडला.

‘ठाऊक हाय मला,’ म्हणाला. ‘दुसऱ्याच्या आधी तू स्वल्प थांबलास. तेवढ्यात तुझं तोंड दिसलं. या डोळ्यानं शेवटचं ते बघितलंय.’

मी खाली बसलो. पाय धरायला गेलो तर त्यानं पाय कापडाखाली ओढून घेतले.

‘मग सांगितलं का नाही कुणाला?’ मी विचारलं.

‘तू येशील म्हणून. पोरगं घाबरलंय, म्हटलं, येईल आठ दिवसांत. आलास, कॉफी पिऊन गेलास.’ सुईत नवा दोरा ओवला. मग म्हणाला, ‘माझ्या डोळ्याचं मी गिळलो संतू. पण त्या धबधब्यावरच्या माणसाला मारताना तू एकदा माझ्याकडं बघितलास. शाबासकीसाठी. ते माझ्याच्यानं गिळवत नाही.’

आतून अक्का आल्या. कॉफीचे दोन पेले होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं, अण्णाकडं बघितलं, आणि एक पेला परत घेऊन गेल्या.

निघताना अण्णा म्हणाला, ‘मला सांगून काय होणार. गिरीला सांग. पाइपा त्यानं माझ्या नावानं आणल्यात.’

५ ऑगस्ट

गिरीला सांगितलं. महादेवपुऱ्यात त्याच्या गॅरेजमागं, दुपारी. मला वाटलं होतं मारेल. मार खायच्या तयारीनंच गेलो होतो, खरं तर मार मिळाला असता तर बरं वाटलं असतं.

तो कानात बोट घालून खाजवत ऐकत राहिला. मग हिंदीत म्हणाला, हे कुणाकुणाला माहीत आहे?

‘अण्णाला. तुला.’

‘मग इथंच राहू दे, पोरा. पोरं तीन महिने तापलीत. आता त्यांना काय सांगू, ढोलवाल्यानं मारलं?’ खांद्यावर हात ठेवला. ‘आणि हिरव्यांनी कधी ना कधी मारलंच असतं की.’

गाडीची डिकी उघडून पाइपा दाखवल्या. बावीस आहेत. एकीला जांभळी टेप गुंडाळलेली. ती तुझी, म्हणाला.

६ ऑगस्ट

ग्रुपवर मी स्वतः सगळं टाइप केलं. तीनदा वाचलं. पाठवलं. दोन मिनिटांत गिरीनं ते उडवलं, मला ग्रुपातून काढलं, आणि तासाभरात सगळीकडं झालं की संत्यानं हिरव्यांकडून काहीतरी घेतलंय. एका पोराचा फोन आला, सहा सीझन माझ्या शेजारी ताशा वाजवणारा. म्हणाला, दिसलास तर तंगडं तोडतो.

मॅचला अजून दहा दिवस.

११ ऑगस्ट

पोलीस चौकीत गेलो. हवालदारानं विचारलं, कुणी कुणाला मारलंय का? म्हटलं, मारणार आहेत. तो म्हणाला, मॅचला बंदोबस्त असतोच. माझंही सांगितलं, मेट्रोच्या पायऱ्या, डोळा, लाकूड. म्हणाला, तक्रारदाराला घेऊन ये.

अण्णाला फोन केला. ‘केस नको, आधीच सांगितलोय,’ म्हणाला. मग, ‘शनिवारी मी मॅचला येतोय.’

१६ ऑगस्ट

मॅच आज साडेसातला. आत्ता तीन वाजलेत.

सकाळी चिकपेटला गेलो होतो. अण्णाला थांबवायला. अक्का दारातच म्हणाल्या, ‘तूच सांग त्याला. माझं ऐकत नाही.’ त्या परत नेलेल्या पेल्यानंतर पहिल्यांदा बोलल्या माझ्याशी.

अण्णा आरशासमोर होता. तो बारावा स्कार्फ, हिरवा. धुतलाय, पण एका टोकाला तपकिरी डाग राहिलाय. डोक्याला तसाच बांधला, त्या दिवशीसारखा. म्हणाला, ‘मॅच सुटली की त्याच पायऱ्यांवर उभारतो. पाठ पोरांकडं करून.’

मी म्हटलं, ‘अण्णा, मागनं कुणी ओळखणार नाही तुम्हाला. बावीस पाइपा आहेत.’

‘मग पुढनं ओळखून तरी कोण थांबलं होतं?’



मग स्वतःच जरा मऊ होऊन म्हणाला, ‘वीस पोरांना मी जर्सीची बटणं लावून दिलोय रे. वळून बघीन. बघू, एकाचा तरी हात थांबतो का.’

‘आणि नाही थांबला तर?’

‘सरी, चालतंय. उजवा डोळा हाय अजून.’

अक्का आत गेल्या.

मला स्टँडमध्ये जागा नाही आता. तिकीट काढलंय साधं, समोरच्या बाजूचं. क्रेट नाही, ढोल नाही. मॅच समोर दिसेल, सहा वर्षांत पहिल्यांदा, पण शेवटची दहा मिनिटं सोडून मी बाहेर पडणार. पायऱ्यांवर अण्णाच्या मागं उभारायचं ठरवलंय. त्याच्यात आणि त्यांच्यात. माझी पाठ अण्णाकडं, तोंड पोरांकडं. तोंडं मला ओळखता येतात.

भीती वाटते. पाइपेची वाटते, आणि त्यापेक्षा याची, की कुणी पहिला घातला की माझाही हात उठेल. त्याला सवय आहे.

आईला फोन केला. जेवलास का म्हणाली. जेवलो म्हटलं.

निघतो. हात रिकामे आहेत, दोनदा बघितलं.