मापाचा कागद

२ नोव्हेंबर

चि. फुटपट्टीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

लग्न होऊन चार महिने झाले आणि ताईला तीन-तीन ओळींची दोनच पत्रं! कसली एवढी धांदल गं? दोनच तर माणसं तुम्ही. पाणीखात्यात नळांचे नकाशे काढत होतीस तेव्हा आठवड्याला चार पानं लिहायचीस, वर समासात तुझ्या साहेबांची चित्रंही काढायचीस.

थंडी आली, तुझ्यासाठी कोट शिवायला घेतेय. गडद निळं, जाड लोकरीचं कापड बाजूला काढून ठेवलंय. दुकानातल्या एका गिऱ्हाइकाचा त्यावर डोळा आहे, म्हणून घाई कर. लग्नाच्या कपड्यांचा मापाचा कागद तुझ्याच पेटीत गेला. तसंही लग्नानंतर बाई अंगाने भरते म्हणतात, तेव्हा नवी मापं घेऊन पाठव. पोट आत ओढून चोरी करू नकोस.

नोकरी सोडलीस हे आईकडून कळलं. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण नव्याची नवलाई आहे, थोडं पडतं घे. शाळा तपासनीस म्हणजे शिस्तीचा माणूस असणारच, आणि तुटेपर्यंत ताणू नये. बिनलग्नाच्या शिंपिणीने हे सांगावं म्हणजे गंमतच आहे, पण आई हेच सांगणार, म्हणून मी आधी सांगून मोकळी होते.

सविस्तर लिही. माया आहेच, ती पत्रातून दिसू दे.

तुझी ताई


१५ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझे पत्र पोचले. आम्ही उभयता सुखरूप आहोत. घर दुसऱ्या मजल्यावर आहे. दोन खोल्या आणि रस्त्याकडे एक खिडकी. ती उघडली की धूळ येते, म्हणून बंद असते.

पत्रास उशीर होतो याचा राग मानू नकोस. मी आधी कच्चे लिहिते. हे ते तपासतात, लाल शाईने चुका दाखवतात, मग मी पक्के उतरवून काढते. तुझी पत्रेही आधी हे वाचतात आणि मग मला वाचून दाखवतात. साहेबांच्या चित्रांचा उल्लेख त्यांना आवडला नाही. तसे पुन्हा लिहू नकोस.

नोकरीची मला आठवण येत नाही. कोठीची किल्ली ह्यांच्याकडे असते, त्यामुळे मला काही लक्षात ठेवावे लागत नाही. काय आणि किती शिजवायचे याचे वेळापत्रक त्यांनी भिंतीवर लावले आहे. बाईमाणसाने संध्याकाळी जेवू नये, अंग हलके राहते, असे त्यांचे मत आहे. ते माझी फार काळजी घेतात.

मापे अशी: छाती साडेबत्तीस, कंबर सव्वीस, बाही बावीस.

आपली कृपादृष्टी असू द्यावी.

तुझी धाकटी


२८ नोव्हेंबर

चि. फुटपट्टीस,
अ. उ. आ. (आणि तपासनीस साहेबांनाही, कारण पहिले वाचक तेच!)

अगं, नळाच्या मापात केसाइतकी चूक न करणारी तू, स्वतःचं अंग मोजताना काय झालं? लग्नाआधी तुझी छाती चौतीस होती, कंबर अठ्ठावीस. चार महिन्यांत दीड-दोन इंच जातात कुठे? टेप करकचून आवळलास, दुसरं काय! माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलीही पहिल्या दिवशी हेच करतात.

मी काही तुझं ऐकलं नाही. जुन्या मापानेच कोट बेतला आणि शिवला. पंचवीस वर्षं कात्री चालवतेय मी. सोबत पाठवला आहे, घालून बघ, आणि टेप सैल धरून पुन्हा मापं कळव. पुढच्या कपड्यांना लागतील.

संध्याकाळी न जेवण्याचं हे काय खूळ? मी तिथे असते तर त्या वेळापत्रकावरच पहिली कात्री चालवली असती. (चेष्टा हो, साहेब.)

रागावलीस तरी चालेल, पण मोठं पत्र लिही.

तुझी ताई


२० डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कोट मिळाला. ऊब चांगली आहे. सैल होतो, म्हणून वरून पट्टा बांधते.

तुझी चेष्टा ह्यांना समजली नाही. त्या दिवसापासून मी लिहायला बसले की हे समोर खुर्ची घेऊन बसतात.

तू सांगितल्याप्रमाणे पुन्हा मोजले. टेप सैल धरला. छाती एकतीस, कंबर साडेचोवीस. दोनदा मोजले. माझे माप चुकत नाही हे तुला माहीत आहे.

इकडची काळजी नसावी. कृपा असू द्यावी.

तुझी धाकटी


१८ जानेवारी

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

आपली लागोपाठची तिन्ही पत्रे मिळाली. आपण तिच्या प्रकृतीविषयी व डॉक्टरांविषयी जे लिहिले, ते तिला वाचून दाखवले नाही. हळव्या बायकांना आजार सुचवला की तो होतो.

पत्रलेखनाने तिला थकवा येतो. यापुढे मीच लिहीत जाईन. मापांचा गोंधळ तिच्या निष्काळजीपणामुळे झाला, त्याबद्दल तिला समज दिली आहे. आपले समाधान व्हावे म्हणून मी स्वतः मापे घेतली: छाती साडेछत्तीस, कंबर तीस. प्रकृती सुधारलीच आहे, हे आपल्या लक्षात येईल.

आपण एकट्या राहता. काळजी करायला आपणांस सवड मिळते, हे मी समजू शकतो. स्नेह आहे तसाच ठेवावा.

आपला आज्ञाधारक,
धाकटीचे यजमान


२४ जानेवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

मला भीती वाटते आहे, हे तुला सरळच सांगते. सोबत जावयाचं पत्र जोडलंय, त्यातली मापं बघ. कपडे बेतताना मी अंगाच्या मापात सैलपणा मिळवून कागदावर लिहिते. छातीला अडीच इंच, कंबरेला दोन. ते कापडाचं माप असतं, अंगाचं नव्हे. साडेछत्तीस आणि तीस हे आकडे लग्नाच्या वेळी माझ्याच हाताने लिहिलेले आहेत. त्याने तिच्या अंगाला टेप लावलेलाच नाही. पेटीतला कागद काढला आणि उतरवून दिला.

म्हणजे तिचं खरं माप मला कळू नये असं त्याला वाटतं. आणि ती ते दोनदा कळवत होती गं, दुसऱ्या वेळी तर तो समोर बसलेला असताना. बाकी सगळं त्याने तपासलं, आकडे तेवढे सुटले. मी काय केलं? टेप नीट धर म्हणून तिलाच दटावलं. पडतं घे असं लिहिणारीही मीच. डोळ्यांवर कातडं ओढून बसले होते.

दवाखान्यातल्या परिचारिकांचे गणवेश चार तारखेला द्यायचे आहेत. ते हातावेगळे केले की पाच तारखेला निघते आणि तिला घेऊनच येते. या कानाचं त्या कानाला कळू देऊ नकोस.

आशीर्वाद दे.

तुझी मोठी


२ फेब्रुवारी

चि. मोठीस,
अ. आ.

तुझं पत्र वाचून आधी जीव घाबरा झाला, मग शांतपणे विचार केला. तू पराचा कावळा करतेस. लग्नानंतर मुली वाळतात. मीही वाळले होते. तुझ्या वडिलांनी पहिली तीन वर्षं मला माहेरी पाठवलं नाही, म्हणून मी काही मेले नाही. संसारात पुरुषाच्या कलाने घ्यावं लागतं. तुला तो अनुभव नाही, म्हणून तुला ते कळत नाही.

शिवाय जावयाच्या दारात न कळवता जाऊन उभं राहणं आपल्या घरात कुणी केलेलं नाही. त्यांना काय वाटेल? म्हणून मीच त्यांना चार ओळी टाकल्या, की मोठी पाच तारखेला येतेय, जरा तापट आहे, सांभाळून घ्या. किती सज्जन माणूस! उलट टपाली उत्तर आलं. त्यांची बदली झाली आहे आणि ते एक तारखेलाच निघणार होते. ताईंची खेप फुकट जायला नको, असं मुद्दाम लिहिलंय. बस्तान बसलं की नवा पत्ता मला कळवणार आहेत.

तेव्हा तू आता निघू नकोस. गणवेश सावकाश कर आणि तब्येतीला जप.

तुझी आई


६ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल गाडीला निघताना हातात पडलं. तरी आले.

दोन्ही खोल्या रिकाम्या आहेत. खिडकी आतून खिळे ठोकून बंद केलेली आहे. खाली राहणाऱ्या घरमालकीणबाईंनी सांगितलं, की जिना उतरताना धाकटी दोनदा पायरीवर बसली. कोटाचा पट्टा तिच्याभोवती दोन वेढे घेऊन बांधला होता. नवऱ्याने तिला अलगद धरून गाडीत बसवलं. असा काळजी घेणारा नवरा मिळायला नशीब लागतं, असं त्या म्हणाल्या. मी विचारलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की इतक्या महिन्यांत त्यांनी तिचा आवाजच ऐकला नव्हता.

तिथून शाळाखात्याच्या कचेरीत गेले. बदली वगैरे काही झालेली नाही. त्याने लांबलचक रजा घेतली आहे, तुझं पत्र त्याला मिळालं त्याच सुमारास. कुठे गेला ते कुणालाच माहीत नाही. पोलिसचौकीत मला हसून विचारलं, की नवरा बायकोला घेऊन गेला यात तक्रार कसली.

आई, मला तुझा राग आलाय. माझाही तेवढाच आलाय. तू रीत पाळलीस आणि मी गणवेशांची तारीख पाळली. पण आता रडत बसू नकोस. मला तुझ्याकडून एक काम हवंय आणि ते तुझ्याइतकं कुणाला जमणार नाही.

तो तुला पत्र लिहील. त्याची बाजू घेणारं तूच एक माणूस आहेस, आणि तू त्याला हवी आहेस. पत्र आलं की धाकटी कशी आहे असं विचारू नकोस. नेहमीसारखं गोड उत्तर लिही. मोठीशी मी बोलणं टाकलंय म्हण, तुम्ही मुलीचं सोनं केलंत म्हण. जन्मभर पुरुषांना बरं वाटेल तेच बोलत आलीस, तसंच अजून एकदा बोल. आणि पाकिटावरचा शिक्का आणि पत्ता त्याच दिवशी तारेने मला कळव. दुकान बंद ठेवून मी इथेच, घरमालकीणबाईंच्या मागच्या खोलीत थांबले आहे.

त्याचं पत्र आलंच नाही तर काय, हे मात्र मला विचारू नकोस.

तुझी मोठी