लेहच्या केकमधला सोडा

आई, धाकटीची मुलगी लष्करात डॉक्टर आहे, तिची बदली लेहला झाली आहे आणि तिला तुझी स्वयंपाकाची वही हवी आहे, म्हणून हे लिहिते आहे. परवा आली आणि उभ्या-उभ्याच म्हणाली, "मावशी, आज्जीची वही दे की. लॉकरात ठेवणार हाईस काय?" शोधावी लागेल, असं मी सांगितलं. तू गेल्यापासून वही कपाटात समोरच होती.

लग्नानंतर धाकटी नवऱ्याच्या नोकरीपायी लेहला गेली आणि तिची पत्रं सुरू झाली. डाळ शिजत नाही, पांढरा रस्सा उकळ उकळ उकळतो पण मटण चामड्यासारखंच राहतं. तू पत्र घेऊन माझ्याकडे यायचीस. "तू कॉलेज शिकलीस न्हवं? सांग की, असं का हुतंय?" उंचावर हवेचा दाब कमी, पाणी पुरेसं तापायच्या आतच उकळतं, सगळं कुकरलाच लाव, शिट्ट्या वाढव, हे मी सांगायचे. तू वहीत टिपून घेऊन तिला कळवायचीस. तिचं उत्तर यायचं, "आई, तुला कसं गं सगळं कळतं?" ते तू शेजारणींना वाचून दाखवायचीस. मी तिथंच भाकरी थापत असायचे. त्या भाकरीला तू कधी बरी म्हणाली नाहीस.

मग या मुलीचा पहिला वाढदिवस आला. केक फुगतो आणि मधोमध बसतो, काय करू, असं धाकटीनं विचारलं. सोडा कमी करायचा, हे मला ठाऊक होतं. "वाढवायला सांग," मी म्हणाले. तू लिहिलंस, सोडा दुप्पट. पाहुण्यांसमोर केकचा खड्डा झाला, वर कडूही लागला. तिचं पत्र आलं त्या दुपारी तू माझ्याकडे नुसतं बघितलंस आणि त्या ओळीखाली लिहिलंस, माझी चूक. आणि मला लाज वाटण्याआधी राग आला, की तिच्या एका केकसाठी तू एवढी कष्टी होतेस. तो राग अजून पुरता गेलेला नाही. आज सकाळी ते पान फाडायला घेतलं होतं.

अकरा वाजता भाचीला दिलं ते असं: वही एक, पानं सगळी. केकच्या पानावर तुझे 'माझी चूक' हे दोन शब्द खोडून माझ्या अक्षरात लिहिलं, "सोडा निम्मा. आधीचं मी मुद्दाम चुकीचं सांगितलं होतं. मावशी." ते पान मात्र मी तिला उघडून दाखवलं नाही.